नव्या स्त्री-कलाकारांचे कोणते संगीत ऐकावे? आमच्या श्रवणमंडळासाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: इंदिरानगरची श्रोती

सर्वांना नमस्कार. नाशिकमध्ये आम्ही बारा-तेरा मैत्रिणी गेली सहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी कोणा एकीच्या घरी जमतो आणि दोन तास संगीत ऐकतो. आमच्यात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, एक परिचारिका आहे, एक जण नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली आहे आणि बाकीच्या घर सांभाळून वेळ काढणाऱ्या आहेत. जिच्या घरी बैठक असेल तिने गाणी निवडायची, गाणे चालू असताना कोणी बोलायचे नाही आणि नंतर चहा घेताना ऐकलेल्यावर मोकळेपणाने बोलायचे, एवढेच आमचे नियम आहेत. काय ऐकले याची नोंद मी एका वहीत ठेवते.

मागच्या बैठकीला एका मैत्रिणीची नात येऊन बसली होती. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिने सगळी गाणी शांतपणे ऐकली आणि शेवटी दोन प्रश्न विचारले. आज वाजवलेल्या चौदा गाण्यांच्या गायिकांपैकी किती जणी आजही गात आहेत, हा पहिला प्रश्न. आम्ही मोजले तेव्हा उत्तर दोन आले. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. ही सगळी गाणी स्त्रीच्या मनातली आहेत आणि ती स्त्रियांनीच गायली आहेत, मग यांतली किती गाणी स्त्रियांनी लिहिली आणि कितींना स्त्रियांनी चाली दिल्या? आम्ही वही उघडली, एकेक नाव वाचले आणि एकाही गाण्यापुढे आम्हाला स्त्रीचे नाव सापडले नाही. ती बैठक गंगापूर रोडला होती. परतताना आम्ही तिघी एका रिक्षात होतो आणि मुंबई नाक्यापर्यंत कोणी काही बोलले नाही.

जनाबाईने 'म्हणे जनी' असे सांगत अभंगात स्वतःचे नाव गुंफले, सोयराबाईने 'चोखयाची महारी' अशी आपली ओळख दिली, आणि ते अभंग आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. तरीही समोर वाजणारे गाणे कोणी घडवले, हे विचारायचे आमच्या मनात आले नाही, याची मला खरोखर खंत वाटते. म्हणून पुढचे सहा महिने आम्ही फक्त नव्या स्त्री-कलाकारांचे संगीत ऐकायचे ठरवले आहे, आणि त्यातही जी स्वतः लिहिते, चाल लावते किंवा वाद्य वाजवते तिला प्राधान्य द्यायचे आहे. मराठी असल्यास उत्तम, परंतु भाषेची अट नाही. जुन्या गाण्यांची नव्या आवाजातली पुनरावृत्ती मात्र नको. केवळ नावे न देता त्या कलाकाराकडे काय ऐकण्यासारखे आहे हेही लिहिलेत, तर आमच्यासारख्या नवख्या श्रोत्यांचे काम सोपे होईल.

उत्तर: पंचवटीतील तबलावादक

ताई, नमस्कार. मी व्यवसायाने तबला शिकवतो, त्यामुळे माझी सुरुवात गळ्यापासून न होता हातापासून होईल, याबद्दल क्षमस्व.

प्रथम आपल्या वहीविषयी थोडे. त्या चौदा गाण्यांपुढे संगीतकार म्हणून 'आनंदघन' असे नाव कुठे लिहिलेले असेल, तर ते पुरुषाचे समजू नका. ते लता मंगेशकर यांनी संगीतकार म्हणून घेतलेले नाव होते. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांचे संगीत त्यांनी या नावाने दिले. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण, हे सर्वांसमोर उघड झाले. त्यांच्या भगिनी मीना खडीकर यांनी 'माणसाला पंख असतात' (१९६१) या चित्रपटाला संगीत दिले, आणि त्यांनी चाली दिलेली बालगीते आपण सर्वांनी म्हटलेली आहेत. तेव्हा स्त्रिया चाली लावत नव्हत्या असे नाही. मात्र सर्वांत मोठ्या गायिकेलाही ते काम दुसऱ्या नावाने करावेसे वाटले, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

आता सुचवणीकडे वळतो. पहिल्या बैठकीसाठी 'सखी' या समूहाचे वादन आणि गायन ऐकावे. कौशिकी चक्रवर्ती यांनी तो उभा केला आणि त्यात बासरीवर देबोप्रिया चॅटर्जी, व्हायोलिनवर नंदिनी शंकर, तबल्यावर सावनी तळवलकर, पखवाजावर महिमा उपाध्याय आणि कथकमध्ये भक्ती देशपांडे अशा कलाकार एकत्र आल्या. कौशिकी स्वतः नवोदित नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु एका मंचावर पाच-सहा दिशा दिसतात आणि तिथून आपल्याला जी आवडेल तिच्या मागे जाता येते, म्हणून हे प्रवेशद्वार चांगले आहे.

त्यांतल्या सावनी तळवलकर यांच्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्या पंडित सुरेश तळवलकर यांच्या कन्या आणि शिष्या आहेत. त्यांचा एकल तबला ऐकताना आपण प्रथम फक्त लेहरा धरून ठेवावा, म्हणजे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर सतत फिरणारी ती एक ओळ मनात पक्की बसवावी, आणि मग तबला त्या ओळीपासून किती दूर जातो व समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा परत येतो ते पाहावे. तबल्याची भाषा येत नसली तरी एवढ्याने रस मिळू लागतो. नंदिनी शंकर आणि त्यांची बहीण रागिणी शंकर या विदुषी एन. राजम यांच्या नाती. या घरातले व्हायोलिन गायकी अंगाने वाजते, म्हणजे गज तारेवरून असा फिरतो की ख्यालातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, आणि ठुमरीतले लाडीक वळण शब्दांशिवाय कानावर येते. गाणे ऐकण्याची सवय असलेल्या मंडळींना वाद्यसंगीतात शिरण्यासाठी याहून सोपी वाट मला ठाऊक नाही.

तबल्यात आणि पखवाजात स्त्रिया अजून 'नव्या' का वाटतात, याचे कारण कौशल्यात शोधू नये. साथीला कोणाला बसवायचे हे बहुधा मुख्य कलाकार किंवा आयोजक ठरवतो, आणि साथीची संधी मिळाल्याशिवाय तबलावादक घडत नाही. मैफली रात्री उशिरा संपतात, दौऱ्यावर जावे लागते, मग मुलीला नकार देणे सर्वांनाच सोयीचे होते. माझ्याकडे सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी आहे. मागील वर्षी गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात ती तबला जुळवून, हातोडी बाजूला ठेवून बसली होती आणि आयोजकांपैकी एक गृहस्थ तिच्याजवळ येऊन म्हणाले, 'बाळ, तबलजी कुठे गेले? सुरू करायचे आहे.' तिने उत्तर दिले नाही, फक्त तबल्यावर 'धा' वाजवला. मला तो 'धा' अजून ऐकू येतो. ज्या शहरात विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला आणि जिथे १९२१ साली द. वि. पलुस्करांचा जन्म झाला, त्या शहरात तरी हा प्रश्न तिला विचारला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर: पेठहून आलेली विद्यार्थिनी

मावशी, मी पेठ तालुक्यातल्या एका गावातून शिकण्यासाठी नाशिकला आले आणि सध्या कॉलेज रोडजवळ वसतिगृहात राहते. वरील उत्तर मला फार आवडले, परंतु आपल्या सहा बैठकींपैकी एक तरी रॅपसाठी राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रॅप म्हणजे परदेशी आरडाओरड, असा समज आमच्या घरीही होता. माझ्या आजीने एकदा ते पूर्ण ऐकले आणि ती म्हणाली की हे तर सवाल-जवाबासारखे आहे, फक्त ढोलकी वेगळी. तालात शब्द घट्ट बसवून समोरच्याला थेट प्रश्न विचारणे हे आपल्याकडच्या भारुडाला आणि शाहिरीला परके नाही, आणि मुख्य म्हणजे इथे आपल्याला हवी असलेली अट आपोआप पूर्ण होते. रॅपमध्ये दुसऱ्याचे शब्द म्हणणे कमीपणाचे मानले जाते, त्यामुळे जी गाते तीच बहुतेक वेळा लिहिते.

सुरुवात 'माही जी' या नावाने रॅप करणाऱ्या मधुरा घाणे हिच्यापासून करावी. ती महादेव कोळी समाजातली आहे आणि मराठीत व हिंदीत लिहिते. आदिवासींचे जंगल, जमीन आणि त्यांच्याकडे पाहण्याची शहरातल्या लोकांची दृष्टी हे तिचे विषय आहेत. आपल्या इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यात या समाजाची किती वस्ती आहे, हे मी वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन उतरणी उतरायला लावणाऱ्या गावातून मी आले आहे. माझ्या गावाकडची बोली आणि तिथला राग हे दोन्ही एखाद्या गाण्यात, कोणाची दया न मागता, येऊ शकतात हे मला तिच्यामुळे कळले.

त्यानंतर 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा मुंबईतला समूह ऐकावा. त्यात सर्व कलाकार स्त्रिया आहेत आणि एकाच गाण्यात त्या वेगवेगळ्या भाषांत आपापला भाग म्हणतात. त्यांच्यातली 'एमसी महिला' मराठीत रॅप करते. एका कडव्यातून दुसऱ्या कडव्यात भाषा बदलते तेव्हा आवाजाची फेकही कशी बदलते, ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. कल्याणमध्ये वाढलेली 'डी एमसी' म्हणजे दीपा उन्नीकृष्णन हिला आता नवोदित म्हणता येणार नाही, पण या मुलींसाठी वाट तिने पाडली. गोवंडीच्या वस्तीतून आलेली सानिया मिस्त्री तिच्यानंतरची. आणि शिलाँगची मेबा ओफिलिया जरूर ऐका, तिला २०१८ मध्ये एमटीव्हीच्या युरोपीय संगीत पुरस्कारांत भारतातील सर्वोत्तम कलाकाराचा मान मिळाला. रॅप करता करता ती मध्येच अशी काही गाऊ लागते की दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असे वाटावे.

हे सगळे पहिल्याच बैठकीत जड वाटले, तर रत्नागिरीची राधिका भिडे ऐका. २०२५ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत तिने मराठी गाणे म्हटले आणि ते मराठी न कळणाऱ्या लोकांनीही उचलून धरले. माझ्या वसतिगृहातल्या तमिळ मैत्रिणीने त्यातल्या ओळींचा अर्थ मला विचारला. माझ्या भाषेतल्या गाण्याचा अर्थ कोणी मला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

उत्तर: सातपूरचा ध्वनिमुद्रक

मी सातपूरला लहानसा ध्वनिमुद्रण कक्ष चालवतो. कलाकारांची नावे वर चांगली आली आहेत, म्हणून मी ऐकण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मंडळातल्या त्या मुलीने विचारलेला दुसरा प्रश्न माझ्या व्यवसायाच्या अगदी मुळाशी आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळातल्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. तबकडी ज्या कारागिरांकडे पुढच्या कामासाठी परदेशी जाई, त्यांना ती कोणाची हे कळावे, यासाठी ती सोय होती, असे सांगितले जाते. कारण व्यावहारिक असेल, परंतु आपल्या देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच एक स्त्री स्वतःचे नाव ठणकावून सांगते, ही गोष्ट मी कक्षात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगतो. आज तबकडी राहिलेली नाही आणि नाव ऐकू येण्याऐवजी ते शोधावे लागते. मोबाइलवरील बहुतेक संगीत-ॲपमध्ये गाण्यापुढे तीन टिंबे असतात, ती दाबली की श्रेयनामावली उघडते आणि गायन, लेखन, निर्मिती यांची नावे वेगवेगळी दिसतात. आपल्या वहीसाठी ती दरवेळी वाचावी. तिथे गाळलेली नावेही असतात, कारण ही माहिती गाणे चढवणाऱ्याने भरायची असते. आमच्या क्षेत्रातला एक कटू अनुभव सांगतो. एका मुलीने चाल स्वतः लावली, शब्द स्वतः लिहिले, आणि गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा संगीतकार म्हणून वाद्यांचे संयोजन करणाऱ्या गृहस्थांचे नाव होते. तिचे नाव दुरुस्त व्हायला आठ महिने लागले आणि तोवर लोकांचे ऐकून झाले होते.

नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २०१२ च्या स्वामित्व हक्क कायद्यातील दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. पण ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याला वाटा कोणता? गायक-गायिकांच्या हक्कांसाठीही २०१३ मध्ये वेगळ्या संस्थेची नोंदणी झाली. म्हणून मी मुलींना सांगतो की ध्वनिमुद्रणाआधी एका कागदावर कोणी काय केले ते लिहा आणि सर्वांनी सह्या करा.

आपल्या मंडळाने ऐकल्याने काय फरक पडणार, असे कोणाला वाटेल. स्पॉटिफाय या संगीत-ॲपवर २०२४ पासून असा नियम आहे की ज्या गाण्याची मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा नोंद झालेली नाही, त्याला त्या मंचाकडून मोबदला मिळत नाही. शिवाय ऐकणारे वेगवेगळे असावेत अशीही किमान अट आहे, आणि गाणे निदान ३० सेकंद चालले तरच ते एकदा ऐकले असे धरले जाते. आता हिशेब करा. आपण तेरा जणी आहात. प्रत्येकीने एखादे आवडलेले गाणे आठवड्यातून दोनदा आपापल्या मोबाइलवर ऐकले, तर वर्षाला १,३०० हून अधिक नोंदी होतात. एका अनोळखी मुलीचे गाणे बिनमोबदल्याच्या रेषेवरून अलीकडे ओढायला नाशिकमधल्या एका मंडळाचाही मोठा हातभार लागू शकतो. म्हणून बैठकीत एका यंत्रावर एकत्र ऐकलेत तरी घरी गेल्यावर स्वतंत्रपणे पुन्हा ऐका, हे माझे कळकळीचे सांगणे आहे. पैसे देण्याची तयारी असेल तर बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर थेट कलाकाराकडून गाण्यांचा संपूर्ण संच (अल्बम) विकत घेता येतो आणि तिथे डिजिटल विक्रीतला मंचाचा हिस्सा साधारण १५ टक्केच असतो.

माझ्या सुचवणी अशा. मोहिनी डे या १९९६ साली जन्मलेल्या मुंबईच्या बास गिटारवादक, आणि २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा पहिला संच काढला. तो मोबाइलच्या स्पीकरवर कृपया ऐकू नका. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा (४१ हर्ट्झला) कंप पावते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तो मूळ स्वर देऊच शकत नाही, म्हणजे जिच्यासाठी आपण बसलो तीच ऐकू येणार नाही. कोणाकडे मोठा स्पीकर नसेल तर चांगले हेडफोन आणा. संजिता भट्टाचार्य आणि सिक्कीमच्या अनुष्का मास्के या दोघी स्वतः लिहून गातात. अनुष्का यांचा २०२० मधला पहिला संच इंग्रजीत आहे, पण आवाज आणि गिटार यांच्यामध्ये जी मोकळी जागा त्यांनी ठेवली आहे ती ध्वनिमुद्रक म्हणून मला फार शिकवून गेली.

आणि एक नाव मी आपल्यासाठी मुद्दाम राखून ठेवले होते. गणव्या दोराईस्वामी यांचा जन्म न्यूयॉर्कचा, वाढ तमिळनाडूतली, आणि त्यांच्या शिक्षणात हरिकथेबरोबर वारकरी अभंगही आहेत. त्यांचा २०२४ चा संच ऐकताना प्रार्थना, जॅझ आणि अभंगाची ठेवण एकमेकांत अशी मिसळते की कोणते कुठून आले हे विचारण्याची गरज उरत नाही. निवृत्तिनाथांच्या समाधीपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आपण ते ऐकायलाच हवे. त्याच वाटेने पुढे लाहोरमध्ये वाढलेल्या अरूज आफताब ऐकाव्यात. २०२२ मध्ये ग्रॅमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी कलाकार. त्यांच्याकडे जुनी गझल येते, पण चाल आणि मांडणी सर्वस्वी त्यांची असते, म्हणून आपल्या 'पुनरावृत्ती नको' या अटीत ती अडकू नये.

प्रतिसाद: इंदिरानगरची श्रोती

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत कळत नाही. पंचवटीच्या दादांचे उत्तर वाचल्यावर मी वही पुन्हा उघडली. सहावे गाणे, संगीत: आनंदघन. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी ते नाव त्या सायंकाळी मोठ्याने वाचून दाखवले होते आणि आम्ही सर्वजणींनी ते पुरुषाचे समजून पुढचे पान उलटले होते. आज सकाळी मी त्या मुलीला फोन करून सांगितले की तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसून एक आहे.

आपल्या विद्यार्थिनीसाठी निरोप आहे, दादा. आमच्यापैकी एकीच्या घरी नोव्हेंबरमध्ये बैठक आहे आणि तिथे ध्वनिमुद्रित संगीताऐवजी त्या मुलीने अर्धा तास तबला वाजवावा, अशी आमची इच्छा आहे. मानधन देऊ, आणि तिला घरी सोडण्याची जबाबदारी आमची.

आता एक शंका. आमच्यातल्या दोघींनी विचारले की नवोदित म्हणजे तरुणच का? आयुष्यभर स्वयंपाकघरात किंवा शेतात गाणारी एखादी साठीला लोकांसमोर आली, तर तिला कोणत्या खणात ठेवायचे?

प्रतिसाद: पेठहून आलेली विद्यार्थिनी

मावशी, ही शंका मला फार मोलाची वाटते. केरळमधील अट्टप्पाडीच्या नंचम्मा या इरुळ समाजातल्या लोकगायिका. २०२० च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम पार्श्वगायिकेचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो २०२२ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांचे शास्त्रीय शिक्षण झालेले नाही म्हणून हा पुरस्कार योग्य की अयोग्य, असा वादही तेव्हा रंगला. गाय-शेळ्या राखताना जे गाणे तोंडी चालत आले ते शिक्षण नव्हे, असे ज्यांना वाटले त्यांच्याशी मी सहमत नाही.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात आहेत. हातात एकतारी घेऊन बाबासाहेबांवरची गाणी त्या वर्षानुवर्षे गात होत्या, आणि कोणीतरी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. त्यांचा आवाज ऐकताना मागे वाद्यवृंद नाही हे लक्षातच येत नाही. एकतारीची ती एकच तार त्यांच्या शब्दांना पुरून उरते. माझ्या मते त्या आपल्या सहा महिन्यांत असायलाच हव्यात.

आणि नावाचा विषय निघालाच आहे तर जात्यावरच्या ओव्यांचाही विचार करावा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतल्या ३,००० हून अधिक स्त्रियांच्या एक लाखावर ओव्या नोंदवल्या गेल्या, आणि आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. विशेष म्हणजे प्रत्येक ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते.

प्रतिसाद: पंचवटीतील तबलावादक

ताई, निरोप पोहोचवला. तिने लगेच विचारले की लेहऱ्याला हार्मोनियमवर कोण असेल. आपल्यात कोणी वाजवत असेल तर कळवावे, नाहीतर मी स्वतः लेहरा धरायला येईन.

ओव्यांबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्या अमोल आहेत, पण 'नवे संगीत' या शीर्षकाखाली त्या ऐकल्या तर नव्याने लिहिणाऱ्या मुलींच्या वाट्याचा वेळ कमी होईल. सहा बैठका म्हणजे बारा तासच. माझी सूचना अशी की ओव्यांना स्वतंत्र बैठक न देता प्रत्येक बैठकीची सुरुवात एका ओवीने करावी आणि लगेच त्या दिवशीच्या कलाकाराकडे वळावे. कडूबाईंना आणि नंचम्मांना मात्र पूर्ण बैठक द्या, त्याबद्दल त्या मुलीचे म्हणणे मला पटले.

प्रतिसाद: इंदिरानगरची श्रोती

दादा, आपली सूचना आम्ही स्वीकारली आहे. हार्मोनियम आमच्यातल्या परिचारिका वाजवतात, पण लेहरा त्यांनी कधी धरलेला नाही, तेव्हा आपण अवश्य यावे आणि त्यांना शेजारी बसवून शिकवावे.

क्रम असा ठरला आहे. पहिल्या बैठकीत 'सखी' आणि त्यानंतर सावनी तळवलकर यांचा एकल तबला. दुसऱ्या बैठकीत माही जी आणि वाइल्ड वाइल्ड विमेन, आणि त्या दिवशी आमच्या पेठच्या मुलीने येऊन बोलीतल्या शब्दांचे अर्थ सांगावेत, अशी तिला विनंती आहे. तिसरी कडूबाई आणि नंचम्मा यांची. चौथ्या बैठकीत गणव्या आणि अरूज आफताब, पाचवी मोहिनी डे यांच्यासाठी, त्याकरिता एकीच्या मुलाचा मोठा स्पीकर मागून घेतला आहे. सहावी मोकळी ठेवली आहे. तोवर त्या अभियांत्रिकीच्या मुलीने स्वतः शोधलेले कोणी आम्हाला ऐकवायचे, असे तिने मान्य केले आहे.

वहीत आजवर आखलेले रकाने दोनच होते, गाणे आणि गायिका; बाकीची नावे गाण्यापुढेच जमेल तशी लिहिलेली असत. आज पट्टी घेऊन मी आणखी चार आखले: शब्द, चाल, वादन आणि ध्वनिमुद्रण. नोव्हेंबरच्या पानावर वादनाच्या रकान्यात त्या सोळा वर्षांच्या मुलीचे नाव लिहायचे आहे, तेव्हा दादा, ती आपले नाव कसे लिहिते ते तिला विचारून मला कळवा.